दोन्ही हात हँडलवर

डॉलिना मॅक्रेनं पन्नाशी उलटल्यावर मोटरसायकल घेतली, याचं अर्नाकच्या दरीत कुणाला काही वाटलं नाही. आमच्याकडे लोकांनी याहून तऱ्हेवाईक गोष्टी घेतल्या आहेत. एकानं तर शहामृगं पाळली होती आणि ती पाद्रीबुवांच्या कोबीत शिरायची. तेही लोकांनी खपवून घेतलं. खपलं नाही ते वेगळंच. मोटरसायकलवर बसल्यापासून डॉलिना कुणाला हात करेना!

आमचा रस्ता खाडीच्या काठानं जातो आणि तो एका गाडीपुरता आहे. मध्येमध्ये साइड द्यायच्या जागा आहेत. समोरून कुणी आलं की ज्याला ती जागा जवळ त्यानं बाजूला व्हायचं, दुसऱ्यानं जायचं, आणि जाताना दोघांनी एकमेकांना हात करायचा. स्टिअरिंगवरचं एक बोट उचललं तरी चालतं, पण उचलायचंच. दरीच्या तोंडाशी दोन सख्खे भाऊ राहतात. बापाच्या बोटीवरून त्यांचं फाटलं, तेव्हापासून एकमेकांच्या दारात पाऊल नाही. पण रस्त्यावर समोरासमोर आले की दोघांचंही बोट वर होतं. हात न करणारा माणूस म्हणजे एकतर परका, नाहीतर माजलेला. तिसरा प्रकार आमच्याकडे नाही.

आणि डॉलिनाला गावाची गरज पडली होती ती नेमकी याच वसंतात.

तिची इशबेल आत्या हिवाळ्यात वारली. सहा नंबरचं शेत आत्याच्या नावावर खंडानं होतं. घर, घरामागची ओढ्यापर्यंतची जमीन आणि डोंगरावरच्या सामाईक कुरणात मेंढ्या सोडायचा हक्क. डॉलिना त्याच घरात वाढली होती. नवरा कॅनडाला गेला तो गेलाच, मग आत्या अंथरुणाला खिळल्यावर ही आत्याकडे परत आली आणि अंगणात जुनी कॅराव्हॅन, म्हणजे चाकांवरची खोली, लावून राहिली. दिवसा खाडीच्या मुखाशी सॅल्मन माशांच्या पाण्यातल्या पिंजऱ्यांवर नोकरी, संध्याकाळी आत्याचं सगळं अंथरुणातच करायचं. आता आत्या नाही. खंड कुणाच्या नावे करायचा हे जमिनीच्या मालकाची कचेरी ठरवणार, पण त्याआधी गावाला विचारणार, आणि गाव म्हणेल तसंच होणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. दुसरा अर्ज दक्षिणेकडच्या एका जोडप्याचा होता. त्यांना घर हवं होतं सुट्टीपुरतं, एरवी ते पर्यटकांना भाड्यानं देणार होते. गावाची बैठक शुक्रवारी सभागृहात ठरली होती. सहा नंबर मिळालं नाही तर डॉलिनाला कॅराव्हॅन उचलून चालतं व्हावं लागणार होतं, आणि कुठं, ते तिलाही माहीत नव्हतं.

अशा वेळी शहाणी बाई काय करील? रस्त्यावर दिसेल त्याला दोन्ही हात करील. हिनं एकही करणं सोडलं.

मोटरसायकल तिनं हौसेनं घेतली असं लोक म्हणत, आणि ते निम्मं खरं होतं. तिच्या जुन्या मोटारीचा पत्रा तळापासून गंजला, पायाखालचा रस्ता दिसायला लागला, तेव्हा काहीतरी घेणं भागच होतं. पण काहीतरी म्हणजे मोटरसायकलच का, तर तिला लहानपणापासून हवी होती म्हणून! इन्व्हर्नेस शहरात जाऊन तिनं लायसन्सची परीक्षा दिली. शिकवणारा पोरगेलासा माणूस तिला पहिल्या दिवशी ‘आजी’ म्हणाला आणि शेवटच्या दिवशी ‘मॅडम’.

पण इन्व्हर्नेसचे रुंद रस्ते वेगळे आणि आमची खाडी वेगळी. इथं रस्त्याच्या मधोमध खडीची रेघ असते, तिच्यावर चाक गेलं की गाडी साबणावर चढल्यागत होते. चढ संपतो तिथं पलीकडचं काही दिसत नाही. गुरं अडवायला रस्त्यात लोखंडी गजांची जाळी टाकलेली, ती ओली असली की श्वास रोखून सरळ जायचं, वळायचा विचारसुद्धा करायचा नाही. आणि मेंढ्या. उन्हानं तापलेल्या डांबरावर त्या पाटलिणीसारख्या बसून असतात. आई एका बाजूला आणि कोकरू दुसऱ्या बाजूला दिसलं की समजायचं, कोकरू पळणार, आणि पळणार ते आपल्या पुढच्या चाकाखालूनच.

हे सगळं गाडीतून डॉलिनाला तीस वर्षं पाठ होतं. मोटरसायकलवर ते नव्यानं शिकावं लागलं. पहिल्या आठवड्यात ती स्वतःला गाडीएवढीच रुंद समजून साइडच्या जागेत अशी ऐसपैस थांबायची की पोस्टवाला हसून हसून बेजार व्हायचा. मग हळूहळू जमायला लागलं. जिथं बघाल तिथं गाडी जाते, हे इन्व्हर्नेसच्या पोरानं सांगितलं होतं. ते तिनं अंगात भिनवलं. खड्ड्याकडे बघायचं नाही, वळणाच्या टोकाकडे बघायचं. काटेरी पिवळी झुडपं फुलली होती, त्यांचा खोबऱ्यासारखा वास थेट शिरस्त्राणात यायचा. गाडीच्या काचेआड इतकी वर्षं काय काय हुकलं, असं तिला वाटायचं. सकाळी कामावर जाताना ती आत्याची गाणी मोठ्यानं म्हणायची. सुरात नसायची, पण ऐकणार कोण?

हात करायचा तिनं प्रयत्न केला नाही असं नाही. उजवा हात सोडला तर गाडीचा दम जातो आणि ब्रेकही. राहिला डावा. टॉर्मोड बीटनची बायको समोरून आली तेव्हा डॉलिनानं साइडच्या जागेत शिरता शिरता डावा हात उचलला. क्लच सुटला, गाडीनं गचका खाल्ला, पुढचं चाक खडीत रुतलं आणि ते धूड सावकाश, अगदी सावकाश आडवं झालं. तोवर टॉर्मोडच्या बायकोची गाडी वळणाआड गेली होती. तिनं ना हात पाहिला, ना पडणं. डॉलिनाला लागलं काही नाही. तिनं गाडीला पाठ लावली, गुडघ्यांत जोर घेतला आणि ती उभी केली. सॅल्मन माशांचे पिंजरे ओढणाऱ्या बाईला तेवढं जड नाही.

मग ती रस्त्याच्या कडेला बसली आणि तिनं ठरवलं. गाडी अंगवळणी पडेपर्यंत दोन्ही हात हँडलवर. ज्याला जे वाटायचं ते वाटो.

नुसतं बोट उचलूनही भागेना. हँडलपुढे वारा अडवायला प्लास्टिकच्या ढाली होत्या, त्यांच्याआडचं बोट कुणाला दिसणार? ती मान डोलवायची. पण शिरस्त्राणातली मान डोलली काय आणि खड्ड्यानं हादरली काय, समोरच्याला कळायचं नाही.

“अगं बाई, तुझ्यापायी माझं दुकान बंद पडायची वेळ आलीय,” पेगी एक दिवस म्हणाली. पेगीचं दुकान म्हणजे दुकान, टपाल आणि गावाचं तोंड, तिन्ही एकत्र. डॉलिनाची ती शाळेपासूनची मैत्रीण. “जो येतो तो ब्रेड घेतो आणि तुझं नाव काढतो.”

“काय म्हणतात?”

“टॉर्मोड म्हणतो, ती आता नाकानं कांदे सोलते. त्याच्या बायकोला तीनदा भेटलीस म्हणे, तिन्ही वेळा दगडासारखी.”

“तिच्यापायी मी खडीत लोळले, सांग तिला.”

“तू सांग ना! दारोदार जा, चहा पी, सांग. टॉर्मोडच बैठक चालवणार आहे. तो काल इथं उभा राहून काय म्हणाला माहितीय? हात न करणाऱ्या शेजाऱ्यापेक्षा वर्षातून चारदा येऊन हात करणारे परवडले.”

डॉलिनाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. “दारोदार जाऊन मी काय माफी मागू? की बाबांनो, मी जिवंत राहायचा प्रयत्न करतेय, राग मानू नका?”

“राग मानू दे गं. सहा नंबर तर हातचं जायला नको. आणि टॉर्मोडचं एक सोड. रोरीचं काय?”

डॉलिनानं ब्रेड उचलून पिशवीत टाकला.

रोरी मॅक्लेनन चार नंबरचा. ऐंशीला टेकलेला, बोलणं जेमतेम, पण तो बैठकीत ज्या बाजूला मान हलवील त्या बाजूला गाव जाणार. इशबेल आत्याशी त्याचा घरोबा होता. लहानपणी डॉलिनाला त्यानंच मेंढी कातरायला शिकवली. पण मोटरसायकल आली त्या दिवसापासून तो तिच्याशी एक शब्द बोलला नव्हता. तिला पाहिलं की तोंड फिरवायचा. याचं कारण हात न करणं नव्हतं, हे डॉलिनाला कळत होतं आणि पेगीलाही. रोरीचा एकुलता एक मुलगा, फिनले, बाविशीत मोटरसायकलवरून पडून गेला होता. काळ्या खडकाच्या वळणावर. मेंढी आडवी आली म्हणतात. डॉलिना त्याच्याच वर्गात होती. त्या गोष्टीला इतकी वर्षं झाली, पण दरीत कुणी ती रोरीपुढे काढत नाही, आणि त्यानंही कधी काढली नाही.

“त्याला काय सांगणार मी?” डॉलिना म्हणाली. “गाडी विकून टाकते म्हणून?”

“विकशील?”

“नाही.”

बैठकीच्या आठवड्यात, सोमवारी, ती आणि रोरी समोरासमोर आले.

ती उतारावरून येत होती, तो खालून चढत होता. त्याची जुनी जीप, मागे ट्रॉलीत मेंढ्या आणि कोकरं. साइडची जागा डॉलिनाच्या पाठीमागे, अगदी जवळ. त्याच्या मागची जागा पार वळणापलीकडे, आणि भरलेली ट्रॉली वळणावरून मागे घेणं म्हणजे तासाभराची करामत. नियम स्पष्ट होता. मागे जायचं ते डॉलिनानं. तीस वर्षांच्या सवयीनं तिनं थांबून मागे पाहिलं आणि पाय रिव्हर्स गिअर चाचपू लागला.

मोटरसायकलला रिव्हर्स नसतो! इन्व्हर्नेसला तो तिला कुणी शिकवला नव्हता कारण तो नव्हताच, आणि आजवर हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं.

रोरीनं इंजिन बंद केलं. काचेआडून तो नुसता बघत राहिला.

जीपच्या कडेनं वाट होती. उन्हाळ्यात येणारे पर्यटक दुचाक्या अशा फटीतून दामटत नेतात आणि गाव त्यांना शिव्या घालतं. डॉलिना खाली उतरली. हँडल धरलं, छाती टेकवली आणि ते धूड चढावर उलटं ढकलायला लागली. हातभर सरकलं, थांबलं. बूट खडीवर घसरत होते. तिनं दात आवळले. पुन्हा हातभर. घाम डोळ्यांत उतरला. ट्रॉलीतली कोकरं ओरडत होती, तीही जणू तिची चेष्टाच करत होती.

जीपचं दार वाजलं. रोरी आला, गाडीच्या दुसऱ्या अंगानं उभा राहिला, आणि न बोलता त्यानं जोर लावला. दोघांनी मिळून गाडी साइडच्या जागेत आणली.

“कडेनं गेली असतीस की,” रोरी म्हणाला. कितीतरी दिवसांत त्याचा पहिला शब्द.

“तुमची कोकरं बिथरली असती. आणि मागं घ्यायची पाळी माझी होती.”

“हं.” त्यानं गाडीकडे पाहिलं. एखाद्या चावऱ्या कुत्र्याकडे पाहावं तसं. “ब्रेकवर किती बोटं ठेवतेस, पोरी?”

“दोन.”

“कायम?”

“कायम.”

“हं,” रोरी पुन्हा म्हणाला, जीपमध्ये बसला आणि वर निघून गेला. डॉलिनानं तेव्हाही हात केला नाही. गाडीला धरून उभी होती, सोडली असती तर पडली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कामाला निघाली तर मागे रोरीची जीप. आमच्याकडे मागून कुणी आलं की साइडच्या जागेत थांबून त्याला पुढे जाऊ द्यायचं. डॉलिना थांबली. जीपही थांबली, जरासं अंतर राखून. पुढे जाईना. तिनं मान वळवून पाहिलं, तर म्हातारा स्टिअरिंगवर हात टेकून बसलेला. ती निघाली, तोही निघाला. खाडीच्या मुखापर्यंत तो तसाच मागे राहिला. ती फाटकात शिरल्यावर वळला आणि परत गेला.

बुधवारी तेच. गुरुवारीही तेच. काळ्या खडकाच्या वळणावर एक मेंढी या अंगाला आणि कोकरू त्या अंगाला होतं. डॉलिनानं पुरतं थांबून कोकराला जाऊ दिलं. मागे रोरीही थांबला. आरशात त्याचा चेहरा दिसत होता आणि त्या चेहऱ्यावर काय आहे ते तिला वाचता येईना. समोरून टॉर्मोड आला. त्यानं मुद्दाम खिडकीतून अख्खा हात बाहेर काढून हलवला. डॉलिनानं मान डोलवली, हात हँडलवरच.

“तो मोजतोय,” पेगी म्हणाली. “किती जणांना तू हात करत नाहीस ते. उद्या बैठकीत एकेकाचं नाव घेऊन सांगेल. अगं, अजून वेळ आहे, उद्याचा दिवस बसनं जा, नाहीतर पायी जा!”

“पेगी, मी लपूनछपून शेजारीण व्हायची नाही,” डॉलिना म्हणाली. “मी आहे ही अशी आहे. घ्यायची तर घेतील.” म्हणाली खरी, पण त्या रात्री कॅराव्हॅनमध्ये ती आत्याच्या घराच्या अंधाऱ्या खिडक्यांकडे बघत बसली. ते घर दुसऱ्याच्या कुलपात गेलं तर तिला जगात कुठंच आपलं म्हणता येणार नव्हतं.

शुक्रवारी संध्याकाळी, बाहेर लख्ख उजेड असतानाच, सभागृह भरलं. चहाची मोठी किटली, पेगीनं आणलेला केक, आणि पुढच्या टेबलाशी टॉर्मोड, चष्मा नाकावर. त्यानं आधी दक्षिणेकडच्या जोडप्याचं सांगितलं. सभ्य माणसं आहेत, म्हणाला, या सभागृहाच्या छपराला हातभार लावू म्हणालेत. मग चष्म्यावरून डॉलिनाकडे पाहिलं.

“डॉलिना, तू आत्याचं केलंस ते आम्ही सगळ्यांनी पाहिलंय. त्याबद्दल कुणी ब्र काढणार नाही. पण शेजार म्हणजे नुसतं घर नव्हे. आता मी स्पष्टच विचारतो. आम्ही तुझं काय घोडं मारलंय? हातसुद्धा करत नाहीस!”

लोक हसले, पण सगळे नाही.

डॉलिना उभी राहिली. “नाही केला. गाडी माझ्या हातात अजून बसलेली नाही. हात सोडला की ती जाते. एकदा सोडला, तुझ्या बायकोसाठी, आणि खडीत पडले. अजून महिनाभर तरी मी कुणालाही हात करणार नाही, टॉर्मोड. तुलाही नाही. त्यापायी तुम्ही सहा नंबर मला देणार नसाल तर नका देऊ. पण मी माजलेय असं म्हणू नका, कारण ते खोटं आहे.”

ती बसली. पेगीनं कपाळाला हात लावला.

मग मागच्या बाकावरून रोरी उठला. त्याला उठायला वेळ लागला.

“मी हिच्या मागं होतो,” तो म्हणाला. “सगळ्यांनी पाहिलंय. मंगळवारी पोस्टवाला भेटला, हिनं हात केला नाही. बुधवारी पाद्रीबुवा. नाही. काल टॉर्मोड, तू. झाडाच्या फांदीसारखा हात बाहेर काढला होतास. तरी नाही.”

टॉर्मोडनं समाधानानं मान हलवली. डॉलिनानं जमिनीकडे पाहिलं. संपलं, असं तिला वाटलं.

“आमचा फिनले सगळ्यांना हात करायचा,” रोरी म्हणाला.

 हे नाव त्याच्या तोंडून इतक्या वर्षांत तिथल्या कुणीच ऐकलं नव्हतं.

“मेंढी आडवी आली असं तुम्ही म्हणता. मी कधी नाही म्हणालो नाही. मेंढीबिंढी नव्हती. समोरून मी येत होतो. त्यानं मला पाहिलं आणि हात केला. असा, वर. हसत होता.” रोरीचा हात खांद्यापर्यंत उचलला गेला आणि तिथंच थांबला. मग त्यानं तो खाली घेऊन बाकाच्या पाठीवर ठेवला. “मीही केला.”

कुणीतरी नाक ओढलं. टॉर्मोडनं चष्मा काढला आणि तो पुसत बसला, पुसायला काही नसताना.

“ही गाडी आली तेव्हा मला वाटलं, हीही जाईल. म्हणून तोंड फिरवलं. मग मागं राहून पाहिलं. ही जाणार नाही. दोन बोटं ब्रेकवर, नजर वळणावर, समोर देव आला तरी हात सोडायची नाही. असली माणसं इथं म्हातारी होतात.” त्यानं श्वास घेतला. “सहा नंबर हिला द्या.”

आणि तो बसला.

“कुणी विरोधात?” टॉर्मोडनं विचारलं. त्याचा आवाज त्याचाच वाटेना. कुणी नव्हतं. त्यानं खिशातून रुमाल काढला आणि म्हणाला, “मीही नाही.”

माणसं उठली, किटलीभोवती जमली. टॉर्मोडची बायको डॉलिनापाशी आली, तिचे दोन्ही हात हातात घेतले, आणि धरून राहिली. गर्दीतून वाट काढत डॉलिना दारापाशी पोचली तेव्हा रोरी टोपी घालत होता. तिला खूप काही बोलायचं होतं. फिनलेबद्दल, वर्गातल्या त्याच्या खोड्यांबद्दल, आजवर कुणीच त्याच्यापुढे जे बोललं नाही ते सगळं.

“ओढ्याकडचं तुझं कुंपण पडलंय,” रोरीच आधी बोलला. “उद्या सकाळी तार घेऊन येतो. तोवर माझ्या मेंढ्या तुझ्या शेतात शिरल्या तर मला ऐकवायचं नाही.”

“नाही ऐकवणार,” डॉलिना म्हणाली. “तुम्ही लवकर या. फिनलेनं एकदा वर्गात काय केलं होतं ते मला तुम्हाला सांगायचंय.”

म्हाताऱ्याची बोटं टोपीच्या काठावरच थांबली. 

“अंधार फिटताच येतो,” तो म्हणाला.